इशानंतरचं औषध

माझ्या मामेभावाने तो पुडा ओट्यावर ठेवला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला, मुठीएवढा. कागद उघडायच्या आधीच वास आला. "आपा, चहात उकळून फुफाजींना दे," तो म्हणाला. "रात्री झोप लागेल. माझ्या मित्राच्या बापाला ह्यानंच आराम पडला." कुठून आणलास, असं मी विचारलं. त्यावर त्याने नुसता हात हलवला, म्हणजे विचारू नकोस.

२०२३ च्या जानेवारीतली ही गोष्ट. अब्बांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो मणक्यात, कमरेच्या हाडांत उतरला होता. अम्मी गेल्यापासून ते भाईजानकडे राहत. माझं सासर तिथून दोन गल्ल्यांवर, म्हणून शाळा सुटली की मी थेट तिकडे. रात्री दोन-अडीचला अब्बा तळहाताने भिंत ठोकायचे. ओरडायचे नाहीत. गंगावेस तालमीत घाम गाळलेला, खासबागच्या मैदानात चार कुस्त्या मारलेला माणूस, ओरडणं त्यांना लाजिरवाणं वाटे. भिंतीवर त्या जागी रंग काळपट झाला होता.

या माणसाने आयुष्यात चहापलीकडे कसलं व्यसन केलं नाही. सुपारीसुद्धा नाही. कोल्हापुरात थंडाई म्हणजे पैलवानाची बदाम-खसखशीची थंडाई, ती मात्र भरपूर प्यायली. उत्तरेकडे होळीला थंडाईत भांग घालतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं तेव्हा ते खरोखर दुखावले होते. आमच्या थंडाईला बदनाम करतात, म्हणाले.

मी मामेभावाला पुडा परत घेऊन जायला लावलं. तो रागावला. "तुला बापापेक्षा कायदा मोठा," असं काहीतरी बोलून गेला. मी पिठाच्या हातांनी दार लावलं आणि ओट्यावरचा वास जावा म्हणून कापूर जाळला. मग मात्र रडू आलं, कारण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्या रात्रीही भिंत ठोकली गेलीच.

भीती कशाची होती ते सांगते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात आर्यन खान पकडला गेला. त्याच्याजवळ काही सापडलं नव्हतं, तरी जवळजवळ चार आठवडे तो कोठडीत आणि तुरुंगात राहिला. २०२२ च्या मे महिन्यात पुराव्याअभावी त्याचं नाव आरोपपत्रातून वगळलं गेलं. त्याचा बाप शाहरुख खान होता. आमचा भाईजान सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याच्या घरात मुठीएवढा गांजा सापडला तर 'वडिलांच्या औषधाला आणला होता' हे वाक्य कुणाच्या कानावर पडेल, याची मला कल्पना करता येत होती. शेजारी काय म्हणतील हा त्यानंतरचा प्रश्न.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता कोल्हापुरात वकिली करते. तिला फोन केला. तिने आधी मला कायद्याचं पूर्ण मराठी नाव ऐकवलं: गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. बाई, हे एका दमात म्हणून दाखवा, म्हणाली. वर्गात मी तिच्याकडून जोडाक्षरं म्हणवून घ्यायचे, त्याचा सूड. मग मुद्द्याला आली.

या कायद्याच्या व्याख्येत चरस आणि गांजा बसतो. चरस म्हणजे झाडाची राळ, गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं आणि बिया मात्र त्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे एकाच झाडाचा शेंडा गुन्हा आणि पान गुन्हा नाही, निदान केंद्राच्या या कायद्यात तरी. मामेभावाच्या पुड्यात शेंडे होते. एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' धरतात, त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आजारी माणसाने दुखण्यासाठी घरात ठेवला म्हणून सूट, असं कलम नाही.

"मग पान आणू का? उत्तर प्रदेशात, राजस्थानात दुकानं असतात म्हणे." मी विचारलं. ती म्हणाली, तिथे सरकारी परवान्याची दुकानं आहेत, इथे नाहीत. महाराष्ट्रात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यात परवान्याशिवाय भांग बाळगणंही गुन्हा आहे. म्हणजे केंद्राने सोडलेलं पान राज्याने धरलेलं. बाजारातून, बांधावरून, ओळखीच्या बाबाकडून असं काही आणायचं नाही.

त्याच आठवड्यात टोरांटोहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. कॅनडात २०१८ च्या ऑक्टोबरपासून गांजा दुकानात मिळतो. भाचा म्हणाला, खालाजान, इथे गोळ्या मिळतात, जेलीच्या, लहान मुलांच्या गोळ्यांसारख्या. कुरिअरने पाठवतो, कुणाला कळणार नाही. मी त्याला म्हटलं, बाळा, तुझ्या दुकानातली वस्तू विमानातून उतरली की इथे तस्करी होते. बाहेरून आणण्याचं कलम वेगळंच आहे, आणि पाकिटावर नाव तुझ्या मामूचं असणार.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. अब्बांच्या दुखण्याचं मूळ कारण गांजा न मिळणं हे नव्हतंच. त्यांना मॉर्फिन मिळत नव्हतं. ज्या रुग्णालयात पहिले आठ महिने उपचार चालू होते तिथे दर वेळी तीच दुखण्याची गोळी लिहून द्यायचे आणि "या आजारात दुखणारच" म्हणायचे. मॉर्फिन हा शब्द कुणी उच्चारला नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण आमच्या डोक्यात मॉर्फिन म्हणजे शेवटचं इंजेक्शन.

दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या वेदनाशमनाचं काम करतात. त्यांनी अब्बांना एकच विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" अब्बा म्हणाले, "सहा." मी भिंतीबद्दल सांगितलं. बाईंनी कागदावर नऊ लिहिलं.

मॉर्फिनच्या साध्या गोळ्या असतात, तोंडाने घ्यायच्या, हे मला पन्नाशीत कळलं. बाईंनी समजावलं की पूर्वी रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. एक संपला की दुसरा निरुपयोगी. त्यामुळे अनेकांनी ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये त्याच लांबलचक नावाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसारखी औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि देशभर एकच नियम आला. कायदा बदलला, डॉक्टरांची सवय मात्र हळूहळू बदलते आहे. गोळ्या सुरू झाल्या, सोबत बद्धकोष्ठाचं औषध. चौथ्या दिवशी भिंतीचा आवाज थांबला.

तरी दोन गोष्टी राहिल्या. झोप तुकड्यातुकड्यांत, आणि भूक नाही. भाकरीचा वास आला तरी मळमळायचं. मी चाचरत मामेभावाच्या पुड्याची गोष्ट बाईंना सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या वनस्पतीतल्या घटकावरून बनवलेल्या गोळ्या केमोथेरपीच्या उलट्यांसाठी अमेरिकेत १९८५ पासून मंजूर आहेत, त्यामुळे कल्पना वेडेपणाची नाही. पण कॅन्सरच्या दुखण्यावर मोठ्या चाचण्या झाल्या त्यात अर्काचा फवारा आणि नुसता बिनऔषधी फवारा यांत फारसा फरक दिसला नाही. "दुखण्यासाठी मॉर्फिन सोडून त्याच्या मागे लागू नका. झोपेसाठी, भुकेसाठी करून बघायचं असेल तर मी लिहून देऊ शकत नाही, पण वैद्य देऊ शकतात. काय घेता ते मला सांगायचं, लपवायचं नाही." ज्या वर्षी अमेरिकेने ती गोळी मंजूर केली त्याच वर्षी आपण हा कायदा केला, हे घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं.

आयुर्वेदात या झाडाला विजया म्हणतात हे मराठीच्या शिक्षिकेला ठाऊक असायला हवं होतं, नव्हतं. जातीफलादि चूर्णात ती असते, त्रैलोक्यविजया वटीत असते. उपविष मानतात, म्हणून पानं धुऊन, तुपात परतून 'शोधन' केल्याशिवाय वापरत नाहीत. औषधे आणि सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत शेड्यूल ई(१) नावाची यादी आहे, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायच्या विषारी द्रव्यांची. तिच्यात आयुर्वेदाच्या रकान्यात भांग आहे. आणि त्याच यादीत युनानीचाही रकाना आहे. अफियून, धतुरा, कुचला, भंग, चरस. माझ्या नान्यांकडे हकिमी दवांचा पितळी खल होता, अम्मी त्यात वेलदोडे कुटायची. त्या खलात काय काय कुटलं गेलं असेल ते आता विचारायला कुणी उरलं नाही.

तर कायदेशीर वाट ही अशी आहे. आयुर्वेदाची पदवी आणि नोंदणी असलेला वैद्य रुग्णाला तपासतो, रुग्णाच्या नावाने चिठ्ठी लिहितो. त्या चिठ्ठीवर, राज्याकडून आयुर्वेदिक औषधं बनवायचा परवाना असलेल्या कंपनीचं विजयाच्या पानांचं औषध मिळतं, बहुतेक वेळा तेलातला अर्क. बाटलीवर परवाना क्रमांक असतो, घटक असतात आणि देखरेखीखाली घ्यायची सूचना इंग्रजीत आणि हिंदीत लिहिलेली असायलाच लागते. चिठ्ठी न मागता कुणी देत असेल तर तिथून उठायचं. 'कॅन्सर बरा होतो' अशी जाहिरात असेल तर आणखी लवकर उठायचं, तशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सुपर मार्केटात हेम्पच्या बिया आणि बियांचं तेल दिसतं, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये त्याला परवानगी दिली. पण ते खाणं आहे. त्याने कुणाला झोप येणार नाही.

वकील मुलीने एक शंका मात्र काढली होती. पान व्याख्येबाहेर आहे, पण त्या पानातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, त्याच कायद्याच्या मागच्या यादीत मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ म्हणून नोंदलेलं आहे. म्हणजे ही वाट थोडी फटीतून जाते. "म्हणून बाई, चिठ्ठी, बिल आणि बाटली एका पिशवीत ठेवा. आणि पिशवी घराबाहेर फिरवू नका." मी तिघांच्या तीन झेरॉक्स काढल्या. भाईजान हसला. पण एक प्रत त्याने दुकानाच्या गल्ल्यात ठेवली, ते मी पाहिलं.

कायद्याचं झालं. अब्बांचं राहिलं होतं.

"मेरेकू नशा नको," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर साल नहीं किया, अब जाते जाते करूं?" मी औषध आहे म्हटलं, बाटली दाखवली. त्यांनी बाटली उलटसुलट केली, चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "ह्ये पिके नमाज हुती क्या?"

मी गप्प झाले. दुखणं, झोप, भूक, हे सगळं आम्ही मोजत होतो. ते वेगळंच मोजत होते. नशेत असताना, आपण काय बोलतो ते समजेपर्यंत नमाजजवळ जाऊ नका, हा हुकूम त्यांनी लहानपणी पाठ केलेला. आयुष्याच्या शेवटच्या किती नमाजा उरल्या असतील? वीस? शंभर? त्यातल्या काही झोपेच्या बदल्यात देऊन टाकायच्या, असा तो सौदा त्यांना दिसत होता.

आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना भाईजान घरी घेऊन आला. मला वाटलं होतं ते लगेच हराम म्हणतील आणि विषय संपेल, किंवा लगेच जायज म्हणतील आणि अब्बांचा विश्वास बसणार नाही. त्यांनी तसं काही केलं नाही. आधी अब्बांची नाडी धरल्यासारखा हात धरला. मग प्रश्न विचारले. यावाचून दुसरं औषध आहे का? कोणी सांगितलं? तो जाणकार आहे का? किती घ्यायचं, किती वेळ असर राहतो? जुन्या किताबांत, म्हणाले, हात-पाय कापायची वेळ आली तर गुंगीची दवा देण्याबद्दल लिहिलेलं आहे, तेव्हा हा प्रश्न काही आजचा नाही. गरज असेल तर मनाई सैल होते, पण गरजेपुरतीच. एक थेंब जादा नाही. आणि मजा म्हणून नाही. जुने उलेमा हकीम मुसलमान आणि परहेजगार हवा अशी अट घालत, असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले, "आता भरवशाचा असला तरी पुष्कळ झालं." नमाजेबद्दल म्हणाले, "इशा पढके लेव. फजरकू होश में हो, तो मसलाच नहीं."

अब्बांनी त्यावर तासभर विचार केला. मग म्हणाले, ठीक आहे.

आता माझी चूक. वैद्यांनी सांगितलं होतं, जेवणानंतर तीन थेंब, तीन दिवसांनी एक वाढवायचा. पहिल्या रात्री इशानंतर मी तीन थेंब दिले. पाऊण तास झाला, काहीच नाही. अब्बा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. मला वाटलं, थेंब कमी पडले असतील, ड्रॉपर नीट भरला नसेल. मी आणखी दिले. किती दिले ते मोजलंही नाही.

मध्यरात्रीनंतर ते उठून बसले. मला ओळखलं नाही. छाती धडधडत होती, तोंड कोरडं पडलं होतं. ते कुणाला तरी सांगत होते की माती ओली आहे, आज कुस्ती लावू नका. भाईजानने त्यांना धरलं, नाहीतर पलंगावरून पडले असते. पहाटे अजान झाली तेव्हा ते शांत झाले होते, पण डोकं जड होतं. बसून नमाज सुरू केली आणि मध्येच थांबले. दोन रकात झाल्या की एक, ते त्यांना आठवेना. परत सुरू केली. परत थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "क्या किये गे बेटी."

आजही ते वाक्य आठवलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

वैद्यांना फोन केला तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी समजावलं. ओढलेल्या धुराचा परिणाम मिनिटांत होतो, पोटातून गेलेल्या तेलाला एक ते दोन तास लागतात आणि मग तो सहा-आठ तास टिकतो. म्हाताऱ्या शरीरात, मॉर्फिनच्या जोडीला, आणखी जड पडतो. "काही होत नाही म्हणून दुसरा डोस, ही चूक सगळेच करतात." डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. त्यांनी अब्बांची सगळी औषधं पुन्हा तपासली. कुणी रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेत असेल, फिट्सची औषधं घेत असेल, घरात कुणाला मनोविकाराचा इतिहास असेल, तर हे प्रकरण फार जपून, असं त्यांनी मला लिहून घ्यायला लावलं. ते इथे तुमच्यासाठीही लिहिते.

चार दिवस अब्बांनी बाटलीकडे पाहिलं नाही. त्या दिवसांत मी शाळेच्या सुट्टीत या झाडाबद्दल वाचत बसले आणि एक हकीम भेटला.

१८३९ मध्ये कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरने गांजाच्या औषधी उपयोगावर निबंध वाचला. पश्चिमेकडच्या डॉक्टरांना या औषधाची नीट ओळख झाली ती तिथून. त्याने हे ज्ञान इथल्याच पंडितांकडून, हकिमांकडून घेतलं आणि तसं लिहिलंही. हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली यांचे त्यात आभार आहेत. त्याच्या रुग्णांत हकीम अब्दुल्ला नावाचा एक माणूस होता, पिसाळलेला कुत्रा चावलेला. स्वतः हकीम, तेव्हा आपल्याला काय झालंय हे त्याला पक्कं ठाऊक. पाणी दिसलं की झटके यायचे. ओशॉनेसीने गांजाची राळ दिली. बरा करता आला नाही, काही दिवसांनी तो गेलाच. पण त्या आधी तो फळाचा रस गिळू शकला, थोडा भात खाऊ शकला, शांत झाला. हे औषध रोग घालवत नाही, रोगाची भयंकरता कमी करतं, अशा अर्थाचं ओशॉनेसीचं म्हणणं आहे.

मी ही गोष्ट अब्बांना सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. "पानी पिया ना आखिर में?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, रस प्यायला.

पाचव्या दिवशी त्यांनी स्वतः बाटली मागितली. पण अट घातली. दोनच थेंब. इशा जरा लवकर, वेळ झाली की लगेच. आणि रोज फजरनंतर मी, किंवा भाईजान, किंवा भाभी, कुणीतरी समोर बसायचं, कुराण उघडून. ते सूरह रहमान तोंडपाठ म्हणणार आणि आम्ही तपासणार. ज्यांनी ही सूरह ऐकली आहे त्यांना कळेल त्यांनी हीच का निवडली. तीत एक आयत पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी तिच्यानंतर वेगळी आयत. जरा लक्ष ढळलं की माणूस पुढची सोडून मागचीवर जातो. चुकलो तर थेंब कमी करायचा, म्हणाले. त्यांचं त्यांनी माप काढलं होतं.

दोन थेंबांचे तीन झाले, तीनाचे चार. पाचव्या थेंबाला ते एकदा अडखळले, परत चारावर आलो आणि तिथेच राहिलो. वैद्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

फायदा किती झाला, हे विचाराल. सलग साडेचार-पाच तास झोप, आधी दीड होती. मळमळ कमी झाली, मार्चमध्ये त्यांनी पांढरा रस्सा मागून घेतला. रमजानमध्ये रोजे ठेवता येत नव्हते, तरी इफ्तारला आमच्यात बसून दोन खजूर खाल्ले. दुखणं या औषधाने गेलं असं मी म्हणणार नाही, ते मॉर्फिनने आवरलं होतं आणि मॉर्फिन वाढवत न्यावं लागलंच. बाटली साडेतीन हजारांची, दीड महिना पुरायची. कॅन्सरच्या इतर खर्चापुढे ती जड वाटली नाही, पण सगळ्यांना झेपेल असं नाही. आणि कुणाला याचा काहीच उपयोग होत नाही, असंही वैद्यांनी सांगितलं होतं.

बकरी ईद झाल्यावर, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अब्बा गेले. आदल्या पहाटे सूरह म्हणाले होते, आवाज बसला होता, पण चुकले नाहीत.

मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या मी डॉक्टरीणबाईंकडे परत केल्या. विजयाची बाटली अर्धी उरली होती, ती कपाटात राहून गेली. चाळिसावा झाला त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या पाटीलकाकू आल्या. काकांना जबड्याचा कॅन्सर. गिळता येत नाही, झोप नाही. "तुझ्याकडं ते तेल हाय म्हणं. राहिलेलं दे की मला, पैसे घे हवं तर."

देऊन टाकावी असं मनात आलं. मग पिशवी आठवली, चिठ्ठीवरचं अब्बांचं नाव आठवलं, आणि ती पहिली रात्र. मी नाही म्हटलं. काकूंचं तोंड उतरलं, जसं माझ्या मामेभावाचं उतरलं होतं. मी म्हटलं, काकू, काकांचे सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि आधार कार्ड घ्या, उद्या शाळा सुटल्यावर मी येते तुमच्याबरोबर. आधी दुखण्याच्या बाईंकडे, मग वैद्यांकडे. बाटली मी त्या रात्री ओतून टाकली, काच वेगळी फोडून फेकली.

दुसऱ्या दिवशी रिक्षात काकू गळ्यातली माळ चाचपत होत्या. दसरा चौक ओलांडल्यावर हळूच म्हणाल्या, "आम्ही माळकरी गं. घरात हे असलं चालतंय का?"

मी त्यांना इशाचं आणि फजरचं सांगितलं. अब्बांच्या चार थेंबांचं, सूरह रहमानचं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मधे एकदा डोळे पुसले.

"मग मी ह्यांच्याकडनं सकाळी हरिपाठ म्हणवून घेते," त्या म्हणाल्या. "बोलता येत नसलं तर बोटांवर."